अर्धं धुराडं

आपलं घर नेमकं कुठे संपतं, हेच मधुमतीबाईंना कळेनासं झालं होतं. लेस्टरच्या या गल्लीत त्यांचं आयुष्य गेलं. लाल विटा, पुढे फुगलेली बे विंडो, छपरावर उंच धुराडं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात कुणा ठेकेदारानं एक घर बांधलं, मधोमध भिंत घातली आणि दोन म्हणून विकलं. शेजारचा हॉलिस खोकला तर इकडे पाणी द्यावंसं वाटतं, आणि याला म्हणे स्वतंत्र घर!

अतुलरावांना अर्धांगवायू झाला आणि जिना बंद झाला. जन्मभर दुसऱ्यांची हाडं जोडून त्यांना चालतं करणारा डॉक्टर खुर्चीत झोपू लागला. पुढच्या खोलीत पलंग टाकू म्हटलं, तर भडकले. "येणाऱ्या-जाणाऱ्यानं माझं तोंड बघायचं? नाही जमायचं!" मागच्या खोलीत पलंग मावेना. तिथे जुन्या शेकोटीचं पोट भिंतीतून चांगलं हातभर पुढे आलेलं.

"पाडून टाकू," मधुमतीबाई फोनवर लेकीला म्हणाल्या. उर्वी रीडिंग शहरात इंजिनियर; मराठी इंग्रजी वळणाचं, मोडकं.

"आई, तो भिंत अर्धा त्यांचा आहे. वरचा चिमणी पण शेअर्ड. मिस्टर हॉलिस येस म्हणाले पाहिजे."

"माझ्या खोलीतल्या विटा त्याच्या कशा गं?"

"विटा तुझ्या. वर जे उभा आहे, ते दोघांचा."

बाईंना काही उमगलं नाही. हॉलिस तर हो म्हणेना, नाही म्हणेना. "विचार करतोय," एवढंच. उन्हाळा त्याच्या विचारात गेला.

दिवाळीत त्यांनी त्याला चकल्या-करंज्यांचं ताट दिलं. दुसऱ्या दिवशी ताट परत आलं ते मिन्स पाइजनी, त्यांच्याकडच्या नाताळातल्या गोड करंज्यांनी, भरून. भरलेलं ताट परत आलं म्हणजे माणूस आपला झाला. आणि आपल्या माणसाकडे घंटा कोण वाजवतं? बाई होकार मागायला मागच्या बोळातून गेल्या, दार लोटलं, "मिस्टर हॉलिस, आहात ना?" म्हणत थेट आत.

आणि गांगरल्या. इतकी वर्षं शेजार, पण पाऊल कधी पायपुसण्यापुढे गेलं नव्हतं. ही त्यांचीच मागची खोली होती, आरशातली. खिडकी उलटी, कपाट उलटं. शेकोटी मात्र नव्हतीच. भिंत सपाट, वर फुलाफुलांचा कागद.

"असं घुसायचं नसतं हो कुणाच्या घरात!" हॉलिस दारात ओरडला. मग त्यांची नजर कुठे आहे ते त्यानं पाहिलं.

"डोरीनचा पलंग बसत नव्हता," तो म्हणाला. डोरीन त्याची वारलेली बायको. "शेवटची दोन वर्षं ती इथेच होती. मी आणि माझ्या भावानं मिळून पाडलं. कुणाला विचारलं नाही."

"मग वरचं धुराडं कशावर उभं आहे?"

त्यानं भिंतीपलीकडे बोट दाखवलं. "तुमच्या विटांवर."

"माझा नवरा खुर्चीत झोपतोय, आणि तुम्ही विचार करताय? सरळ नाही म्हणायचं!"

"तुम्ही कारण विचारलं असतं."

बाई तरातरा घरी आल्या. राग नक्की कुणाचा करायचा? यानं बायकोसाठी केलं, त्या नवऱ्यासाठी तेच करायला निघाल्या होत्या. फरक एवढाच, की त्यांनी विचारलं. नसतं विचारलं, तर धुराडं अतुलरावांच्या अंगावर आलं असतं. आणि हा धोका या भित्र्यानं कळू दिला नसता!

फोनवर हे ऐकून उर्वी किंचाळलीच. "डोंट टच इट! कौन्सिलला सांग. चिमणीच्या खाली स्टीलचा बीम घालायला लागेल, मंथ्स लागतील."

"ऐकलंत ना?" बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"पुढच्याच खोलीत टाक मग," अतुलराव म्हणाले. "पण तोंड रस्त्याकडे कर. ते मला बघणार, तर मीही त्यांना बघीन."

पलंग एकटीला हलेना. बाईंनी मधल्या भिंतीवर मूठ आपटली, तसा हॉलिस आला आणि दुसरं टोक धरून उभा राहिला. कौन्सिलला, म्हणजे पालिकेला, त्याचं बिंग फोडणारा फोन अजून व्हायचा होता.

"हा इथे कसा?" अतुलरावांनी मराठीत विचारलं. "तू चिडलीयस ना याच्यावर?"

"मला काय माहीत!" बाई खेकसल्या. "आधी पलंग उचलू द्या."