पत्र्याला खिडक्या

“आणि त्याला खिडक्या ठेव,” दोमिंगो म्हणाला. “चांगल्या हातभर लांब. गवत अडकलं तर पाण्याच्या पाइपनं धुऊन काढता आलं पाहिजे.”

रमोना उगाल्दे भावाच्या नव्या पिकअपखाली उताणी पडून माप घेत होती. तिचा हात थांबला. उत्तर नेवाडाच्या या गुरांच्या मुलुखात गाड्यांच्या पोटाखाली बसवायचे पोलादी पत्रे बनवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. खडकावर गाडी घासली तर इंजिनाची तेलाची टाकी फुटू नये, एवढाच त्या पत्र्याचा उद्देश. मात्र पत्रा सलग असेल तर त्याच्यावर वाळकं गवत साचतं, आणि ते एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीला टेकलं की पुढचं काम उष्णता करते. कोणाला काडी ओढावी लागत नाही.

हे तिने दोमिंगोला, थोरल्या भावाला, पूर्वीच सांगितलं होतं. तेव्हा तो हसला होता. “पत्रा आहे की चाळणी?” असं म्हणून त्याने गोठ्यामागे स्वतःच सलग पत्रा कापला आणि थेट गाडीच्या चासीला, सांगाड्यालाच, वेल्ड करून टाकला.

ती घसरत बाहेर आली. “खिडक्या? आणि तुला?”

“ऐकलंस ना? आता काय बँडबाजा लावू?”

“गेल्या ऑगस्टात माळ पेटला, त्या दुपारी तू टूमीबाईंच्या कुंपणाकडून गेला होतास.”

“मी रोजच जातो.”

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने खिशात उगाच काहीतरी चाचपलं.

त्या आगीत म्हाताऱ्या वर्ना टूमीबाईंचं घर गेलं आणि तबेल्यासह दोन म्हाताऱ्या घोड्या गेल्या. परसात कचरा जाळायचं पिंप होतं, म्हणून गावाने दोष त्यांनाच दिला. त्या दिवशी पिंप पेटवलंच नव्हतं, असं बाई आधी ठासून सांगत. हिवाळ्यापर्यंत त्या “पेटवलं असेलही, आठवत नाही” म्हणू लागल्या. दोमिंगोने सलग पत्र्याची ती जुनी गाडी शरदातच परराज्यात विकली होती. पुरावा म्हणावा असं काही उरलं नव्हतं. उरली होती ती आत्ताची ही मागणी. सलग पत्र्याने ज्याला काही दाखवलं नाही, तो माणूस खिडक्या मागत नाही.

“तुला माहीत होतं,” रमोना म्हणाली.

“नंतर कळलं,” तो पुटपुटला. “धुराचा वास आला म्हणून थांबलो. खाली गवत धुमसत होतं. काठीनं पाडलं, बुटानं विझवलं. मला वाटलं, तेवढंच होतं. मागं वाटेतही पेटतं गवत पडलं होतं, ते माळ पेटल्यावर कळलं.”

“आणि वर्षभर म्हातारीला बोलणी खाऊ दिलीस! परवा आपल्या बास्क लोकांच्या मंडळाच्या जेवणात ती टेबलाटेबलापाशी जाऊन माफी मागत होती, मेल्या! तू तिथंच बसून मेंढीचा रस्सा ओरपत होतास!”

“ओरडू नकोस. मी सांगितलं तर तिचं घर परत उभं राहणार आहे? आमचा सरकारी कुरणात गुरं चारायचा परवाना मात्र जाईल. बाबांनी जन्मभर—”

“बाबांना मध्ये आणू नकोस.”

“तू करणार नसशील तर विनमुका गावातल्या गॅरेजात जातो. तिथं चौकशी करत नाहीत.”

नकार देणं सोपं होतं. पण दुसऱ्या कोणी खिडक्या लहान ठेवल्या, किंवा याने चिडून पुन्हा सलगच पत्रा ठोकला, तर पेटणाऱ्या माळाला तिच्या नकाराचं काय? रमोनाने संरक्षक काच डोळ्यांवर ओढली. राग हातात उतरू न देता तिने पोलाद कापलं, वाकवलं, कडा घासल्या, आणि वेल्ड न करता पत्रा बोल्टांनी कसला.

दुपार कलली. दोमिंगोने किल्ली फिरवताच शेजारचं दार उघडून ती हातमोज्यांसकट आत बसली.

“उतर.”

“टूमीबाईंकडे चल.”

“मी काही बोलणार नाही सांगून ठेवतो.”

“नको बोलूस. गाडी तर चालव, शहाण्या.”

बाई आता जळलेल्या चौथऱ्याशेजारी एका ट्रेलरमध्ये राहत. गाडी पाहून त्या दारात आल्या आणि कोणी काही म्हणण्याआधीच घाईने सांगू लागल्या, “आता मी काही जाळत नाही हो, दोमिंगो. सगळा कचरा गावात नेऊन टाकते. खरंच.”

रमोना गाडीतच बसून राहिली. त्याचं वाक्य आपण बोलायचं नाही, एवढं ठरवूनच ती आली होती.

दोमिंगो उतरला. त्याने हॅट काढून बॉनेटवर ठेवली, पुढच्या चाकाशी काळ्या मातीत गुडघे टेकले आणि गाडीखालच्या नव्या पत्र्याकडे बोट दाखवलं.

टूमीबाई कठडा धरून सावकाश पायऱ्या उतरल्या. त्याच्याजवळ येऊन, मांड्यांवर हात टेकून, जमेल तेवढ्या वाकल्या.

“काय हरवलं रे, बाळा?” त्यांनी विचारलं. “थांब, मीही शोधते.”