निळ्या चौकोनावरचं पान

गोधडी शिवून घरी आली तेव्हा सगळ्यात आधी मी फ्रिजवरचं चुंबक काढलं. कलिंगडाच्या फोडीच्या आकाराचं ते चुंबक मी गोधडीवरून इंच इंच फिरवत होते आणि नवरा दारात उभा राहून बघत होता.

"गुप्तधन शोधतेयस का?"

"सुई. एखादी आत राहिली असली तर?"

"दोन महिने काय केलं त्या बाईंनी, सुया पेरल्या?"

आमची मुलगी दहा महिन्यांची आहे. नाक शर्टाच्या बटणासारखं, म्हणून घरात तिला बटणच म्हणतात, आणि हाताला लागेल ते तोंडात घालणं हा तिचा पूर्णवेळ व्यवसाय आहे. तिच्या अंगाखाली जाणारी प्रत्येक वस्तू आधी माझ्या हाताखालून जाते. नवरा मला जकात नाका म्हणतो. म्हणू दे.

सुई सापडली नाही. पान सापडलं.

या गोधडीची वरची बाजू माझ्या बाबांनी जोडली होती. आई गेल्यावर तिचे सुती गाऊन कुणाला तरी देऊन टाकायचा विषय निघाला की बाबा उठून दुसऱ्या खोलीत जायचे. मग एक दिवस त्यांनीच कात्री घेतली. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस, त्यांनी आधी कागदावर गोधडीचा नकाशा काढला: बारा चौकोन आडवे, बारा उभे. सव्वा वर्ष बसून हाताने एकेक जोडला. शेवटची ओळ होईतो उजव्या हाताला कंप सुटला होता. "आता पुढचं माझ्याच्याने नाही व्हायचं," ते म्हणाले. "कापूस, अस्तर, वरचा धावदोरा कुणाकडून तरी करून घे. कडेला दोन बोटं जास्तीचं सोडलंय, ते शेवटी छाटायचं." गाऊनचं कापड तोवर सगळं संपलं होतं. आईचं जे काय उरलं होतं ते एवढंच, एकशे चव्वेचाळीस चौकोन.

आणि त्यातल्या कडेच्या एका निळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनावर एक हिरवं पान होतं.

तसं सुबक होतं. टाके दिसतसुद्धा नव्हते. पण ज्या माणसाने आयुष्यात एक रेघ उगाच मारली नाही, तो एवढ्या चौकोनांत एकच पान कशाला लावेल? मी त्यावरून बोट फिरवलं. पानाच्या खाली, तिरकी, फाटलेली कड हाताला लागली.

"छानय की पान," नवरा म्हणाला. "राहू दे."

"बाबा रविवारी येतायत."

बाबा मोजतात. आमचं हे घर पहिल्यांदा दाखवलं तेव्हा 'छान आहे' म्हणायच्या आधी त्यांनी फरश्या मोजल्या होत्या. आणि हात असे झाल्यापासून त्यांचं स्वतःचं म्हणून एवढं एकच काम उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटणला कडेवर घेऊन मी गोधडीवाल्या मावशींकडे गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची एक लांबट खोली आहे. जिना चढताना मी चार वाक्यं पाठ केली, चारही झोंबणारी. शेवटचं तर इतकं छान जमलं होतं की मी ते पुटपुटून बघितलं.

मावशी बुटक्या टेबलाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. समोर कुणाची तरी गोधडी पसरलेली आणि तिच्यात साळिंदरासारख्या टाचण्या. खिडकीजवळच्या दोरीवर लहान लहान गाठोडी टांगलेली, प्रत्येकाला चिठ्ठी. माझ्या हातातली पिशवी बघताच त्यांनी चष्मा काढला.

"मावशी, हे पान..."

"कात्री लागली, ताई," त्या म्हणाल्या. "माहीत होतं मला, तुम्ही याल."

माझं पहिलंच वाक्य वाया गेलं. कबुली देऊन मोकळ्या झालेल्या माणसाला काय झोंबणार?

"लागली कशी पण?"

त्यांनी समोरच्या टाचण्यांकडे बोट केलं. "तीस वर्षं हे असं काम करते. कापड, कापूस, अस्तर एकावर एक ठेवायचं आणि टाचण्या लावायच्या. टाचणी लावली की काही हलत नाही. तुम्ही काय म्हणाला होतात?"

आठवलं मला. एकही टाचणी लावायची नाही, घरात रांगतं बाळ आहे. दोनदा समक्ष सांगितलं होतं आणि मग एकदा फोन करून.

"म्हणून कच्चे टाके घातले, लांब लांब. त्याची सवय नाही हो हाताला. कडेचं छाटायला घेतलं, तर वरचं कापड सरकून आत दुमडलेलं. कर्र झालं तेव्हा कळलं." त्या थांबल्या. "हे तुमच्यावर ढकलायला नाही सांगत. कात्री माझ्याच हातात होती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही न्यायला आलात तेव्हा तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात तुम्ही गोधडी छातीशी धरलीत आणि म्हणालात, माझी आई आहे ही. मिटलं तोंड."

मी खाली बसले. बटणने टाचण्यांच्या डबीकडे हात लांबवला, पण मी झेपावायच्या आत मावशींनी, तिकडे न बघताच, डबी वरच्या फळीवर ठेवली होती आणि तिच्या हातात एक रिकामं लाकडी रीळ दिलं होतं. बटणने लगेच त्याची चव घ्यायला सुरुवात केली. जिन्यातली उरलेली तीन वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

मावशींनी दोरीवरचं एक गाठोडं सोडलं. चिठ्ठीवर माझा फोन नंबर होता. "गिऱ्हाइकाचं कापड गिऱ्हाइकाचं. पहिलं धुणं होईपर्यंत मी चिंधीसुद्धा टाकत नाही." आत छाटलेल्या कडा होत्या. त्यातली निळी पट्टी त्यांनी गुडघ्यावर सरळ केली. जेमतेम दोन बोटं रुंद, आणि पांढरे ठिपके. "यातनं ठिगळ निघेल. ठिपक्यावर ठिपका बसवला तर डोळ्यांना कळणार नाही. पण पट्टी एवढीच. एकदाच कापायची, चुकलं की संपलं. त्या दिवशी कात्री घेऊन बसले होते मी, पण हात धजेना. म्हणून पान लावलं."

"मग आता कापा ना. आजच. रविवारच्या आत."

"वडिलांना सांगितलंय?"

"त्यांना कळायलाच नको आहे."

"ठिगळ असं बसवीन की त्यांना नाही कळायचं," मावशी म्हणाल्या. "पण तुम्ही दर वेळी घडी घालताना ती कड आत कराल. ज्यांचं काम त्यांना मी सांगते. रविवारी येते."

चिडायला आले होते आणि त्यांनाच घरी बोलावून परत निघाले. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "नाक्यावरून माल सोडलास म्हणजे."

रविवारी बाबा आले. गोधडी मी पलंगावर पसरली होती, ती कड आत न घालता. ते चष्मा पुसत होते तोच मावशी आल्या, बरोबर शिवणाचा डबा आणि ते चिठ्ठीचं गाठोडं. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"भाऊ, तुमचं काम माझ्या हातनं कापलं गेलं," त्यांनी सरळ सांगितलं. "हे पान माझं. झाकायला लावलं होतं."

बाबा पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी निळ्या चौकोनावर हात ठेवला. हात थरथरत होता, पण तो हल्ली तसाही थरथरतो, त्यावरून काही कळेना. मी बटणला इतकं घट्ट धरलं होतं की ती कुरकुरली.

"एकशे एकोणचाळिसावा," बाबा म्हणाले. "या गाऊनच्या खिशात ती चष्मा ठेवायची आणि घरभर शोधायची."

त्यांनी बोटाने पानाची कड चाचपली.

"टाचण्या नव्हत्या लावल्या?" त्यांनी विचारलं.

मावशी बटणच्या पायाकडे बघत राहिल्या. माझं नाव काही त्यांच्या तोंडून निघेना.

"मी लावू दिल्या नाहीत, बाबा," मी म्हटलं. "तीनदा बजावलं होतं."

बाबांनी मला चष्म्यावरून पाहिलं. "तुझी आई तुझ्या अंघोळीच्या पाण्यात थर्मामीटर बुडवायची. तापाचा. असे तीन फुटले." मग मावशींकडे वळून, "उसवा ते पान."

मावशींनी पान उसवलं आणि गाठोड्यातली निळी पट्टी बाबांपुढे ठेवली. खाली करंगळीएवढी फट, आत पांढरा कापूस. बाबांनी खिशातून मोजपट्टी आणि पेन्सिल काढली. त्या त्यांच्याजवळ असतातच. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी निळ्या पट्टीवर चार बारीक खुणा केल्या. रेघ मारायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मग कात्री उचलली, उघडली, तिची टोकं हवेत हलताना पाहिली आणि परत खाली ठेवली.

मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे ते पानच.

त्यांनी पट्टी आणि कात्री मावशींपुढे सरकवली. "कापा."

"मी?"

"मग काय बटण कापणार?"

मावशी गुडघ्यांवर बसल्या. पट्टी चौकोनावर ठेवून ठिपक्यावर ठिपका आणला, डबा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई, टाचणी लावू?"

"लावा," मी म्हटलं. "हव्या तेवढ्या."

"चार पुरेत."

पट्टी टाचून त्यांनी हाताने दाबून पाहिली, खुणा फटीच्या चारी बाजूंना येतात का ते तपासलं. मग टाचण्या काढून पट्टी उचलली आणि कात्री उघडली. 'हळू' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला. मी तो गिळला. एवढा जड शब्द दहा महिन्यांत मी पहिल्यांदाच गिळला असेल.

कर्र. चार वेळा, चारी बाजूंनी.

मावशींनी ठिगळ फटीवर ठेवून कडा आत दुमडल्या. बाबा इतके वाकले की दोघांची डोकी जवळजवळ टेकली. "जरा डावीकडे," ते म्हणाले. "एक केस. हां." ठिपक्यावर ठिपका बसला आणि पुढचा अर्धा तास मावशी शिवत होत्या, बाबा सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते, आणि ते होत नाही असं दिसलं की मी गपचूप ओवून देत होते.

शेवटचा टाका पडल्यावर बाबांनी अख्खी गोधडी मोजली. आडवी आणि उभी.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"एक, दोन, तीन, चार," मावशींनी मला दाखवून टाचण्या डब्यात टाकल्या. "आणि सुई पाचवी. चुंबक आणायचं तर आणा."

मी उठले नाही. पान कुठे गेलं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, तर बटण गोधडीच्या मधोमध बसली होती आणि हिरवं देठ तिच्या ओठांतून बाहेर आलं होतं.

"सुतीच आहे," बाबा आणि मावशी एकदम म्हणाले.