वाटीतला निवाडा

दूधबाबांच्या सेवकाने ओल्या फडक्याने एका म्हातारीचे हात पुसले. तिने बोटांवरचे थेंब गरम दुधाच्या वाटीत झटकले, आणि दूध फाटले. खोलीतले सगळे वाटीत डोकावले.

"पाहिलंत? रक्तातलं विष!" दूधबाबा गरजले. "पांढरं दिसतं म्हणून भुलू नका. दूध हाडांत साचतं, मेंदूला चढतं. मी नाही सांगत, वाटी सांगते!"

समोर बसलेले बहुतेक आमच्याच डेअरीतले. येणाऱ्या प्रत्येक कॅनमधले चमचाभर दूध आम्ही उकळून पाहतो. फाटले की कॅन परत. आणणाऱ्याचे आर्जव आम्ही ऐकत नाही, फक्त दुधाचे ऐकतो. त्यामुळेच वाटी खोटे बोलेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनाला शिवले नाही. माझ्याही नाही, आणि मी तर तिथला तपासनीस.

दीड महिन्यापूर्वी याच खोलीत वडील बसले होते. आजारपणात त्यांच्या घशाखाली दुधाशिवाय काही उतरत नव्हते. डॉक्टरांनी साय कमी करायला सांगितली होती, दूध नव्हे. पण वाटीतले दूध फाटले, आणि आईने दूधच बंद केले.

"अगं, बोटभर साय तरी दे," ते म्हणायचे. आई पाठ फिरवून डोळे पुसायची आणि त्यांना कोमट पाणी पाजायची. विसाव्या दिवशी ते गेले.

आज आईने माझ्या मुलीला आणले होते. तिचा खोकला हटत नव्हता. सेवकाने तिचे हात पुसले.

"आजी, झोंबतंय!" पेन्सिल सोलताना तिचे बोट कापले होते.

"विष बाहेर पडतंय, बाळ," दूधबाबा हसले.

"नाही! लिंबू पिळताना झोंबतं ना, तस्सं!"

माझ्या खिशात कामाचा निळा लिटमस कागद होता. तो बाहेर काढताना हात अडखळला. कारण पुढे काय विचारले जाईल आणि कोण विचारील, हे मला दिसत होते. मी कागद फडक्याला लावला. तो लाल झाला. आम्लाची ही खूण डेअरीतला झाडूवालाही ओळखतो.

"अश्रद्धेनं रंग बदलला!" दूधबाबा म्हणाले.

"मग श्रद्धेनं साबण लावू," म्हणत मी मुलीचे हात धुतले आणि तिला नव्या वाटीत थेंब झटकायला लावले. दूध जसेच्या तसे. मग दूधबाबांचाच हात धरला, त्यांच्याच फडक्याने पुसला आणि वाटीवर झटकला. दूध फाटले.

"अरेरे बाबा, तुमच्याही रक्तात?" मागून बॉयलरवाला ओरडला. सगळे हसले. आई हसली नाही.

"म्हणजे ह्यांच्या अंगात विष नव्हतं?"

"नव्हतं, आई."

"मग मी का रे नाही दिली साय?"

घरी येऊन तिने दूध तापवले, नातीला दिले. मग दुसऱ्या वाटीत साय काढली, आणि ती कुणाला द्यायची हे न सुचून हातात धरून बसून राहिली.

त्या दुधाने वडील वाचले असते, असे मी म्हणत नाही. पण ते उपाशी गेले नसते. दूध प्यावे की नाही, किती प्यावे, याबद्दल डॉक्टरांशी खुशाल वाद घाला. प्रत्येकाचे शरीर वेगळे असते. मात्र वाटीचा निवाडा मानण्यापूर्वी तिच्यात थेंब टाकणारा हात एकदा धुऊन पाहा. आम्ही तो दीड महिना उशिरा धुतला.