निचरागुरूंचे टॉवेल

त्या शनिवारी वस्तीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिथे होती तिथे टब होते, आणि प्रत्येक टबात आधीच कुणाचे ना कुणाचे पाय होते. आठ खुर्च्या, आठ टब, प्रत्येक टबात विजेच्या वायरीला जोडलेली एक जाळीची डबी, आणि मागे थेट जिन्यापर्यंत गेलेली रांग. माणसं घोट्यापर्यंत पाय पाण्यात सोडून बसली होती आणि पाण्याकडे अशी टक लावून बघत होती, जशी एरवी गॅसवरच्या दुधाकडे बघतात.

"आलं! आलं! माझं सुटलं!" पोस्टातल्या काकू ओरडल्या.

सगळे त्यांच्या टबाभोवती गोळा झाले. दहा मिनिटांपूर्वी नळासारखं स्वच्छ असलेलं पाणी आधी पिवळट झालं, मग विटकरी, मग तपकिरी. वर फेस आला. फेसात काळपट कण तरंगायला लागले. काकूंनी स्वतःच्याच पायांकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं हे पाय आपल्याशी खोटं बोलत होते.

"हे काय आहे, लोकहो?" पांढऱ्या झब्ब्यातला माणूस टबांमधून वाट काढत पुढे आला. "हे तुमच्या आतलं आहे! देह म्हणजे काय? तुंबलेली मोरी! वरून कितीही पाणी ओता, बोळा आत आहे तोवर सगळं व्यर्थ. मी औषध देत नाही, सुई टोचत नाही. मी फक्त बोळा काढतो!"

फलकावर त्याचं नाव दीड ओळीचं होतं. वस्तीने त्याचे निचरागुरू करून टाकले. भिंतीवर त्याने रंगांचा तक्ता लावला होता. केशरी म्हणजे सांधे, तपकिरी म्हणजे यकृत, फेस म्हणजे चरबी, काळे कण म्हणजे नसांमधली जळमटं. निरोगी माणसाचा रंग मात्र तक्त्यात कुठेच नव्हता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिथे निरोगी व्हायला कुणी आलंच नव्हतं. जो तो आपलं विष बघायला आला होता.

माझी ताई तिसऱ्या खुर्चीवर बसली होती. तिचं पाणी सगळ्यांत काळं.

निचरागुरूंनी तिच्यापुढे गुडघे टेकले. "गोळ्या घेता म्हणालात ना, माताजी?"

"रक्तदाबाची. आठ वर्षं झाली."

"बघा!" त्यांनी हात वर केले. "आठ वर्षांच्या गोळ्या या पाण्यात उतरल्या! विषावर विष! माताजी, पहिल्या दिवसापासून सांगतोय, अकरा बैठका करा. तोवर गोळीला हात लावायचा नाही. नाहीतर मी काढतोय आणि तुम्ही भरताय, असं चालायचं."

ताईने मान डोलावली. ही तिची तिसरी बैठक होती, म्हणजे दोन आठवडे गोळी बंद होती. मला हे त्या क्षणी कळलं.

हॉलच्या कोपऱ्यात दवाखान्याच्या नर्सबाई आपलं टेबल मांडून बसल्या होत्या. रक्तदाब मोजायचं यंत्र, बाळांच्या लसींची कार्डं, 'मीठ कमी, चालणं जास्त, हात साबणाने धुवा' असं लिहिलेले कागद. गेली सहा वर्षं दर शनिवारी त्या हेच सांगत आल्या होत्या. लोकांना ते तोंडपाठ झालं होतं, आणि म्हणूनच कुणी ऐकत नव्हतं. त्यांच्या टेबलावर काहीच रंग बदलत नव्हता ना!

आता माझ्याविषयी. मी आणि ताई मिळून लाँड्री चालवतो. आईने सुरू केलेली. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे पडदे, हॉलचे टॉवेल, असं सगळं आमच्याकडे येतं. माझी जीभ तिखट आहे असं भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, म्हणतात. असेल. पण त्या संध्याकाळी तिखट बोलण्याइतकी ताकदही माझ्यात उरली नव्हती.

"ताई, गोळी घे," लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी मी तिला म्हटलं.

"अगं, मला काही होत नाहीये. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. उलट हलकं वाटतंय."

"आईलाही काही होत नव्हतं."

ताईने हातातली चादर खाली ठेवली. आमची आई त्याच टेबलाशी, हातात गरम इस्त्री घेऊन कोसळली होती. अठ्ठावन्न वर्षांची होती. सकाळी चहा पिताना हसत होती, दुपारी तिची उजवी बाजू गेली आणि चौथ्या दिवशी ती गेली. तिचा रक्तदाब किती होता ते आम्हाला दवाखान्यात पहिल्यांदा कळलं, कारण त्याआधी कुणी मोजलाच नव्हता. ताई आता छप्पन्नची आहे. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. रोज सकाळी ती इस्त्री उचलायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

"आईची गोष्ट वेगळी," ताई म्हणाली. "आणि ते काळं पाणी? तू तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ना? ते कुठून आलं, सांग!"

माझ्याकडे राग होता, उत्तर नव्हतं. नुसत्या रागाने कुणाचं डोकं ताळ्यावर येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

उत्तर सोमवारी गाठोड्यात बांधून आमच्या दारात आलं.

हॉलचे टॉवेल. चाळीस. त्यांनी लोकांचे पाय पुसलेले, म्हणजे प्रत्येकावर तपकिरी डाग. आमच्या धंद्यात डाग आला की पहिला प्रश्न एकच: कशाचा? रक्ताला गार पाणी, तेलाला साबण, चहाला गरम पाणी, शाईला स्पिरिट. डाग ओळखल्याशिवाय हात लावायचा नाही, ही आईची शिकवण. पण भाऊजी पडले निवृत्त मेकॅनिक. बस डेपोत तीस वर्षं काढली, आता घरी बसवत नाही म्हणून लाँड्रीत येतात आणि दिसेल त्यावर ब्लीच ओततात.

"भाऊजी! काय केलंत हे?" मी ओरडले. टॉवेल पांढरे व्हायचे सोडून डाग आणखी गडद झाले होते. चांगले लालसर, ठसठशीत.

"मी तर स्वच्छ करायला..."

"न विचारता ब्लीच घालू नका म्हणून शंभर वेळा..." आणि मी मध्येच थांबले.

ब्लीच घातल्यावर असा गडद होणारा डाग मी पस्तीस वर्षांत हजारदा पाहिला होता. खिळ्याला अडकवलेल्या शर्टावर. जुन्या खाटेच्या चादरीवर. पत्र्याच्या ट्रंकेतल्या पडद्यावर.

मी एक टॉवेल चांगला खळखळून धुतला. ब्लीच पूर्ण निघून गेल्यावर त्यावर लिंबू पिळलं, मीठ चोळलं आणि उन्हात टाकला. जेवून परत आले तर डाग गायब.

"भाऊजी," मी म्हटलं, "माणसाच्या यकृतातलं आठ वर्षांचं विष लिंबाने जातं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा गंज आहे. नुसता लोखंडाचा गंज."

भाऊजींनी टॉवेल हातात घेतला, उलटा केला, वास घेतला आणि मग हसायलाच लागले. डेपोतल्या माणसाला गंज काय, हे सांगावं लागत नाही. ते उठले आणि जुनी गाडीची बॅटरी, वायरचे दोन तुकडे आणि दोन खिळे घेऊन आले. मोकळ्या दारापाशी बादलीत पाणी, पाण्यात मीठ, मिठाच्या पाण्यात खिळे, खिळ्यांना बॅटरीच्या वायरी. आम्ही दोघं बादलीशेजारी बसून राहिलो. पाणी पिवळट झालं. विटकरी झालं. वर फेस आला.

"मेव्हणीबाई, या बादलीला काय झालंय?"

"यकृत. आणि चरबी पण वाढलीय."

मी आणखी दोन चमचे मीठ टाकलं. वीज जोरात वाहायला लागली आणि पाणी बघता बघता काळपट झालं. मग मला आठवलं. माणूस खुर्चीत बसला की निचरागुरू आधी विचारायचे, 'गोळ्या घेता का?' हो म्हटलं की त्यांचा 'शुद्धिक्षाराचा', म्हणजे मिठाचाच, चमचा टबात दोनदा रिकामा व्हायचा. नाही म्हटलं की अर्धाच. म्हणून ताईचं पाणी सगळ्यांत काळं. तिचं विष त्यांच्या चमच्यात होतं!

आम्ही ताईला हाक मारली. ती आली, कमरेवर हात ठेवून बादलीकडे पाहिलं.

"त्यात तुम्ही काय टाकलंत, मला काय माहीत? दोघं मिळून माझी थट्टा करताय. एवढंच असेल तर त्यांच्या टबात दाखवा."

मला राग यायला हवा होता, पण नाही आला. माझ्या बहिणीने त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा पुरावा मागितला होता.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघंही हॉलवर गेलो. ताई तिसऱ्या खुर्चीत, मी चौथ्या. निचरागुरूंनी माझा टब स्वच्छ पाण्याने भरला, त्यात जाळीची डबी सोडली आणि चमचा हातात घेतला.

"गोळ्या घेता, माताजी?"

"ढीगभर," मी ठोकून दिलं. दोन चमचे पडले. मी पाय वर उचलून मांडी घालून खुर्चीत बसले. "करा सुरू."

"पाय?"

"पाय माझे वरच राहतील. आधी तुमचं पाणी बघू."

"देहाशिवाय यंत्र चालत नाही, माताजी. प्रवाह देहातून..."

भाऊजी वाकले आणि त्यांनी बटण दाबलं. माझे पाय खुर्चीवर, टबात नुसतं पाणी आणि ती डबी. एक मिनिट गेलं, दोन गेली. पाणी पिवळट झालं.

"आलं! आलं!" काकू सवयीने ओरडल्या आणि मग तोंडावर हात ठेवून गप्प बसल्या.

पाणी विटकरी झालं. तपकिरी झालं. फेस आला. तक्त्यातले सगळे आजार माझ्या रिकाम्या टबात एकापाठोपाठ हजर झाले.

"हे... हे मागच्या माणसाचं उरलेलं विष आहे!" निचरागुरू म्हणाले.

"मग इतके दिवस दुसऱ्यांचं विष माझ्या पायाला लावत होतात का?" हा आवाज माझा नव्हता. ताईचा होता.

गुरूंच्या तोंडचं पाणी पळालं. भाऊजींनी बटण बंद केलं, डबी बाहेर काढली, जाळी उघडली आणि आतल्या दोन लोखंडी पट्ट्या सगळ्यांना दाखवल्या. कडा पार कुरतडल्यासारख्या झिजलेल्या.

"बघून घ्या," भाऊजी म्हणाले. "मीठ, वीज आणि लोखंड. तुमच्या अंगातून काही निघत नव्हतं. पट्टी झिजत होती, तिचा गंज पाण्यात येत होता."

"श्रद्धेचा अपमान आहे हा! मी पोलिसांत जाईन!"

"चला ना, मीही येते," मी म्हटलं. "चाळीस टॉवेल घेऊन येते. तिथेच लिंबू पिळून दाखवते."

ते काही पोलिसांत गेले नाहीत. टबातलं पाणीसुद्धा न ओतता ते सामान गोळा करायला लागले. रांगेतून एक जण कुरकुरला, "पण मला खरंच बरं वाटत होतं हो!"

"वाटणारच," मी म्हटलं. "अर्धा तास कोमट पाण्यात पाय सोडून, काही काम न करता बसलात. घरी बसा तसंच, आणखी बरं वाटेल. पण त्यासाठी गोळी सोडू नका आणि बाळाची लस चुकवू नका."

ताई उठली. तिचे पाय ओले होते. ती हॉल ओलांडून गेली, मागे ओल्या पावलांचे ठसे उमटवत. नर्सबाईंच्या टेबलासमोर बसली आणि दंड पुढे केला.

यंत्राने हाताभोवती पट्टा आवळला. सैल झाला. नर्सबाईंनी पुन्हा मोजला.

"खरा आकडा सांगा," ताई म्हणाली. "मोठ्याने सांगा."

"वरचा एकशे ब्याण्णव. खालचा एकशे बारा."

"आणि मला तर काहीच होत नाहीये," ताई हळूच म्हणाली. तेव्हा कुठे ती रडली. मीही रडले.

नर्सबाईंनी टेबल तसंच सोडलं आणि त्याच दुपारी आम्हाला डॉक्टरांकडे नेलं. ताईची गोळी पुन्हा सुरू झाली, मीठ कमी झालं, संध्याकाळी आम्ही दोघी चालायला जातो आणि भांडतो. आकडा उतरायला वेळ लागला, पण उतरला. नर्सबाईंचं टेबल आता सोमवारी आमच्या लाँड्रीच्या दारात असतं. कपडे द्यायला येणाऱ्याला मी सांगते, गाठोडं इकडे, हात तिकडे. कुणी नाक मुरडलं तर पावती देत नाही. माझी लाँड्री, माझा कायदा.

निचरागुरू दुसऱ्या वस्तीत गेले असतील, दुसरा तक्ता, दुसरा चमचा घेऊन. तुमच्याकडेही येतील. म्हणून सांगते. वाढलेल्या रक्तदाबाला रंग नसतो. त्याचा फेस येत नाही, कण तरंगत नाहीत, बहुतेकांना तो जाणवतही नाही. आमच्या आईला जाणवला नाही, आणि ताईला एकशे ब्याण्णववरही जाणवत नव्हता. तो मोजावाच लागतो, आणि गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नसते. हे सगळं कंटाळवाणं आहे, मान्य. पण ते खरं आहे, आणि ते माझ्या बहिणीला अजून माझ्या शेजारी उभं ठेवून आहे.

आणि कुणी तुमच्याच अंगातलं विष तुम्हाला काढून दाखवायला लागला, तर त्याच्याशी वाद घालू नका. मांडी घालून खुर्चीत बसा आणि म्हणा: आधी माझे पाय बाहेर ठेवून दाखवा.