आलो, आलो!

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. दुकानाच्या काउंटरवर बसणारी, डोक्यावरचं बटण दाबलं की ‘टिंग’ म्हणणारी. आता माझी चकाकी गेली आहे, बटणही जरा अडकतं, पण आवाज अजून खणखणीत आहे.

माझं आयुष्य सुरू झालं ते मामांच्या दुकानात. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सरची पाती, नळाचे वायसर असल्या बारीकसारीक वस्तूंचं ते दुकान. मामा बहुतेक वेळ मागच्या खोलीत माल शोधत असायचे. गिऱ्हाईक मला दाबायचं आणि आतून आवाज यायचा, “आलो, आलो!” हातातलं काम टाकून मामा बाहेर येत. गल्लीत त्यांचं नावच ‘आलो-आलो’ पडलं होतं.

पुढे त्यांच्या बहिणीचा मुलगा चांगलं कॉलेज सोडून त्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसला. मामांच्या मालाचे फोटो काढायचे आणि इंटरनेटवर विकायचे, हा त्याचा उद्योग. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मामांनी मात्र त्याला जागा दिली, माल दिला, आणि पहिली ऑर्डर आली तेव्हा मला उचलून त्याच्या हातात ठेवलं.

“घे. तुझ्याही दुकानाला घंटी नको का?”

भाच्याचं नशीब फळफळलं. खोलीची कचेरी झाली, कचेरीची काचेची इमारत झाली. मोठी ऑर्डर आली की त्याने मला वाजवायचं आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या, अशी तिथली पद्धत. काय माझा तोरा! इमारत जणू माझ्याच जिवावर उभी होती. हळूहळू कंपनी मामांना वगळून स्वतःच सगळा माल विकू लागली, तोही मामांपेक्षा स्वस्त. एक दिवस कुणीतरी सहज सांगितलं की आलो-आलोंचं दुकान बंद झालं. त्या दुपारीही मी वाजले. टाळ्याही झाल्या. फक्त भाच्याने त्या वाजवल्या नाहीत.

मग त्याने कंपनी विकली आणि संस्था काढली. दवाखाने, शाळा, वाचनालयं, कशालाच त्याने हात आखडता घेतला नाही. माझ्या बुडाशी मामांनी खिळ्याने कोरलेली एक खूण आहे. कुणी त्याला दानशूर म्हटलं की त्याचा अंगठा त्या खुणेवर फिरत राहायचा. मामांच्या घराकडे मात्र त्याचं पाऊल वळेना. नव्या वाचनालयाला मामांचं नाव द्यायला परवानगी मागायची, तर तीही त्याने माणूस पाठवून मागितली. मामांनी माणसाला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला.

शेवटी तो मला खिशात घालून स्वतः गेला. दार मामींनी उघडलं.

“आज बरी वाट चुकलास,” म्हणाल्या आणि आत वळल्या.

त्याने मला मामांच्या पुढ्यात ठेवलं. “मामा, तुझं दुकान मी बुडवलं.”

“बुडवलंस खरं,” मामा म्हणाले. “पण दुकान काय, आज ना उद्या जायचंच होतं. शटर ओढलं त्या दिवशी वाटलं, आता बाळ्या येईल. किती दिवस दाराकडे कान लावून बसायचो.” मग त्यांनी मला हातात घेतलं. “हिला तिकडे कोण वाजवतं रे?”

“आम्हीच. ऑर्डर आली की.”

“अरे वेड्या, घंटी गिऱ्हाईकाने वाजवायची असते. आपण फक्त उठून यायचं असतं. एवढंही शिकवलं नाही होय मी तुला?”

भाच्याची मान खाली गेली. मामांनी मला दाबलं. भाच्याने वर पाहिलं. त्यांनी पुन्हा दाबलं.

“आलो, मामा,” तो कसाबसा म्हणाला.

“फार उशिरा आलास,” मामा म्हणाले, आणि मामींना चहा टाकायला सांगितलं.

नाव द्यायला मामांनी शेवटपर्यंत होकार दिला नाही. मी आता संस्थेच्या दाराबाहेर, येणाऱ्याच्या हाताशी बसते. भाचा मला कधीच वाजवत नाही. कुणी वाजवलं की जिना उतरून स्वतः खाली येतो. मामांचं दुकान मात्र पुन्हा उघडलं नाही. ते आठवलं की त्या टाळ्यांमधला माझा आवाज मला अजून टोचतो.

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख ठेवा, नाहीतर राहू द्या तशीच. पण तुमच्या दारातली घंटी वाजली तर आतून ‘आलो’ म्हणा. आणि म्हटलंत, तर या.