हेर्मोनमधले गुडघे

सेंट डुवन शाळेच्या सभागृहाचं छप्पर कोसळलं नाही. कोसळू शकतं, असं इंजिनिअरने सांगितलं, आणि तेवढ्यावर कौन्सिलने फेब्रुवारीत सभागृहाला आणि त्याला लागून असलेल्या वर्गांना कुलूप घातलं. ईस्टरच्या सुट्टीआधी चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी जागा मिळाली तर शाळा चालू राहील. नाही मिळाली तर मुलं डोंगरापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायची, तात्पुरती. आमच्या वेल्श खोऱ्यात तात्पुरतं म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खाण तात्पुरती बंद झाली होती, आणि रेल्वेसुद्धा.

आजूबाजूच्या खोऱ्यांत मिळून कॅथलिकांची ही एकच माध्यमिक शाळा. पट दर वर्षी उतरत होता. निम्म्या मुलांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. आयांना शिस्त आवडते म्हणून, नाहीतर बस दारात थांबते म्हणून ती यायची. बिशपच्या कार्यालयाला शाळा पुरेशी कॅथलिक वाटत नव्हती आणि कौन्सिलला ती पुरेशी भरलेली वाटत नव्हती. दोघांना उत्तरं द्यायचं काम मोठ्या बाई रोझाना झनेल्ली यांचं. त्या याच शाळेत शिकल्या, इथेच शिकवायला लागल्या. शाळा गेली तर त्यांना दुसरीकडे नोकरी मिळाली असती. पण ते त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

जागा समोरच होती. फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की प्रोटेस्टंटांचं हेर्मोन चॅपेल. खाणकामगारांनी आपल्या पगारातून बांधलेलं, दोन्ही बाजूंना लाकडी गॅलरी, आत सगळं गाव मावेल एवढं. आता तिथे रविवारी चार-पाच माणसं बसतात. विश्वस्त दोनच उरले होते: इडवल, जो पूर्वी बस चालवायचा, आणि काइनवेन प्रॉसर. आमच्याकडे आडनावं मोजकीच आणि माणसं भरपूर, म्हणून लोकांना धंद्यावरून ओळखतात. तिला सगळे काइनवेन मटणवाली म्हणत. नवऱ्याच्या पश्चात दुकान तिने एकटीने चालवलं होतं.

इडवलने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ती हो म्हणाली तर माझं हो. ती नाही म्हणाली तर मला विचारूच नका."

काइनवेनला नाही म्हणायला कारण होतं. सेंट डुवन शाळा निघणार असं ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी हेर्मोनच्या मोठ्या बाकावरून शाळेविरुद्ध भाषण केलं होतं. व्यासपीठाच्या खाली कठडा घातलेलं हे बाक असतं, तिथे चॅपेलचे वडीलधारे लोकांकडे तोंड करून बसतात. आता त्या बाकावर काइनवेन बसत होती.

रोझाना तिच्या घरी गेल्या. चहा झाला, वेल्शकेक झाले.

"तुझा आजोबा रविवारी आइस्क्रीम विकायचा," काइनवेन म्हणाली. "देवाच्या वारी. समोर आमची प्रार्थना चाललेली, आणि इकडे याची घंटा."

"आणि तुमची मंडळी आमच्या मागच्या दाराने यायची, आंटी. आजोबा सांगायचे, सगळ्यात जास्त धंदा रविवारीच."

"मी नाही कधी आले."

"तुम्ही नाही. तुमचे भाऊ."

काइनवेनने बशीतला चुरा बोटाने गोळा केला. "शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून तुम्ही लोक माझ्या दुकानाकडे फिरकायचा नाहीत. अख्खा शुक्रवार मी माश्या मारत बसायचे. त्याचं काय?"

"त्याची भरपाई मागताय का?"

ती हसली नाही, पण कप पुन्हा भरला. मग म्हणाली, "तिथे तुमची मिस्सा-प्रार्थना होणार नाही."

"नाही. रोजची सकाळची सभा, आणि परीक्षा. मिस्सा आम्ही चर्चमध्येच करू."

"मेणबत्त्या नाहीत, पुतळे नाहीत, ते पाणी नाही. आम्ही कशापुढे वाकत नाही, रोझाना. माझ्या बापाने ते अख्ख्या गावाला सांगितलंय."

"कबूल."

"एकदा आण पोरांना. कशी बसतात ते बघू दे. मग सांगते."

रोझानांनी तयारी काटेकोर केली. दाराशी पवित्र पाण्याचं भांडं नको, शाळेचा झेंडा नको, त्यावर मरिया आहे. च्युइंगगम नको, गॅलरीतून खाली वाकायचं नाही, भजनांच्या पुस्तकांना हात लावायचा नाही. शिक्षकांनी ते प्रत्येक वर्गात दोनदा वाचून दाखवलं. चर्चच्या फादर ओबिन्ना यांनी तर आपण येतच नाही म्हणून सांगितलं; पांढरी कॉलर बघून म्हातारी बिथरायला नको. गुडघा टेकण्याचं मात्र कुणालाच सुचलं नाही. श्वास घेऊ नको असं कोण सांगतं?

शुक्रवारी सकाळी मुलं रस्ता ओलांडून रांगेने आली. आत थंडी होती. इडवलने हीटर लावले होते पण एवढी मोठी जागा त्यांना दाद देत नव्हती. काइनवेन काळा कोट आणि हॅट घालून मोठ्या बाकावर मध्यभागी बसली होती. इडवल एका टोकाला.

सर्वांत लहान वर्ग आधी. पहिली मुलगी मधल्या वाटेने पुढे आली, पहिल्या बाकापाशी थांबली, उजवा गुडघा जमिनीला टेकवला, क्रुसाची खूण केली आणि आत सरकली. तिच्यामागून दुसरी. तिच्यामागून तिसरी.

मागे दारात उभ्या असलेल्या रोझानांना आधी ते दिसलंच नाही. त्यांनाही ते रोजचंच होतं. मग त्यांचं लक्ष काइनवेनकडे गेलं. म्हातारीने दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

आता थांबवायचं कसं? हाक मारली असती तर गोंधळ झाला असता. रोझाना बाजूच्या वाटेने पुढे निघाल्या, आणि तोवर मुलं येतच राहिली. कॅथलिक घरातली टेकवत होती, आणि पुढचा टेकवतो म्हणून इतरही टेकवत होती. कुणी नीट, कुणी नुसतं अर्धवट वाकून.

"नीट टेक की, पँट फाटते का तुझी?" एक मोठा मुलगा पुढच्याच्या कानात म्हणाला.

"तू बघ तुझं."

तेवढंच बोलणं. बाकी फक्त आवाज होता. हेर्मोनची जमीन लाकडी आहे आणि खाली पोकळी, त्यामुळे प्रत्येक गुडघ्याचा दबका ठोका उमटत होता. मग वरचे वर्ग गॅलरीत चढले आणि तिथूनही ठोके येऊ लागले, डोक्यावरून, दोन्ही बाजूंनी, कधी एकेक, कधी पाठोपाठ. मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं काम माझं, म्हणून मी त्या दिवशी भिंतीपाशी उभा होतो. मुलं ते ठरवून करत नव्हती, त्यात भक्तीचा आवही नव्हता, काही जण तर जांभया देत होते. तरीही डोक्यावरची टोपी मी केव्हा काढली ते मला आठवत नाही. इडवल छताकडे बघत होता. हेर्मोन असं भरलेलं त्याने तरुणपणी पाहिलं होतं, खाणीतल्या स्फोटानंतर, आणि तेव्हाही ते इतकं शांत नव्हतं.

रोझाना कठड्यापाशी पोचल्या तोवर शेवटचा वर्ग बसला होता.

"आंटी, माफ करा. चूक माझी आहे."

काइनवेनची नजर मुलांवरच होती.

"तुमच्यापुढे नाही वाकली ती..."

"ते कळतं मला. माझ्यापुढे कोण वाकतंय! माझा नवरासुद्धा बुटाची नाडी बांधण्यापुरताच वाकायचा."

पहिल्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आमच्या चर्चमध्ये वेदीवर पवित्र भाकर ठेवलेली असते, तिच्यात प्रत्यक्ष प्रभू," रोझाना हलक्या आवाजात म्हणाल्या. "तिच्यासाठी गुडघा टेकतात. अंगवळणी पडलंय त्यांच्या. इथे काहीच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही."

"काय म्हणालीस?"

"म्हणजे, इथे तसं काही..."

"इथे काहीच नाही म्हणालीस." काइनवेनचा आवाज दुकानात कमावलेला होता, तो गॅलरीच्या शेवटच्या बाकापर्यंत गेला. "माझ्या चॅपेलमध्ये उभी राहून. मग इतकी वर्षं आम्ही बोलत कुणाशी होतो?"

"काइनवेन, हळू," इडवल म्हणाला.

"तू गप बस."

आपण एका वाक्यात शाळा घालवली, हे रोझानांना स्पष्ट दिसत होतं. मागे सगळी मुलं ऐकत होती.

काइनवेनने कठड्यावरून पुढे झुकून पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बोट केलं, जी सर्वांत आधी आत आली होती. "तू. नाव काय?"

"एन्विस, मिस."

"कॅथलिक का?"

"नाही, मिस. मी काहीच नाही. आमची गल्ली शाळेजवळ आहे म्हणून."

"मग गुडघा का टेकलास?"

मुलीने शेजारणीकडे पाहिलं. मदत आली नाही. "आत आलं की टेकतात."

"कुणासाठी?"

एन्विसने व्यासपीठाकडे पाहिलं, मग त्याच्यामागच्या उंच भिंतीकडे, मग गॅलरीकडे. तिने खरोखर विचार केला. "इथे जो असेल त्याच्यासाठी, मिस."

"आहे का इथे कुणी?"

"असणार ना. एवढी मोठी जागा आहे."

कुणी हसलं नाही. काइनवेनने कठड्यावरचे हात सोडले, मांडीवर ठेवले आणि मान वळवली.

"इडवल."

"हं?"

"गॅलरीच्या फळ्या कधी तपासल्या होत्या?"

"वीस-पंचवीस वर्षं झाली असतील."

"सुतार बोलाव. रोज एवढे गुडघे पडणार असतील तर त्या सोसतील का ते आधी बघून घे. पोरं कुणाच्या तरी डोक्यावर येतील." मग रोझानांकडे बघून, "आणि तू ते हीटर बदल. कौन्सिलकडून माग. पोरं कुडकुडताहेत."

रोझानांनी मान हलवली. मग त्यांना आठवलं. "गुडघ्यांचं मी सांगते मुलांना, आंटी. बंद करतील."

"मी म्हटलं का बंद करा?"

सभा दहा मिनिटांत संपली. एक प्रार्थना, एक सूचना, हरवलेल्या जाकिटाची चौकशी. मग रांगा सुटल्या. बाकातून बाहेर पडतानाही गुडघा टेकतात, हे काइनवेनला ठाऊक नव्हतं. ठोके पुन्हा सुरू झाले, या वेळी वरून खाली, मागून पुढे.

मोठ्या बाकावर बसणाऱ्याला सगळे चेहरे दिसतात. पाठीमागची भिंत कधी दिसत नाही. काइनवेन उठली. तिचे गुडघे आता वाकण्यातले राहिले नव्हते. तिने एका हाताने कठड्याचा आधार घेतला, मुलांकडे पाठ केली आणि मुलं ज्या बाजूला बघून वाकत होती तिकडे तोंड करून उभी राहिली. तिथे निळ्या रंगाची, पोपडे आलेली साधी भिंत होती. तिने डोक्यावरची हॅट सरळ केली. शेवटचं मूल दाराबाहेर जाईपर्यंत ती तशीच उभी होती, आणि त्यानंतरही.