माझा गळा कोणी आवळला?

मी ट्रेलर बोलतोय. ट्रकच्या मागे जोडतात तो लांबलचक, बिनइंजिनाचा गाडा. इंझोरीपासून जऊळक्यापर्यंत लोक ज्याच्या नावानं अजून बोटं मोडतात, तोच मी. माझ्यावर एका माणसाचा पाय गेल्याचा डाग आहे, आणि तो मी नाकारत नाही. पण तो माझ्या एकट्याचा नाही, आणि माझ्या ड्रायव्हरचा तर मुळीच नाही. कोर्ट मुद्देमालाला शपथ देत नाही, म्हणून तिथं मला बोलता आलं नाही. तुम्ही तरी ऐकून घ्या, मग खुशाल दगड मारा.

माझा जन्म अकोल्याच्या एका कारखान्यातला. जाड लोखंड तापवलं, ठोकलं, जोडलं, आणि मी उभा राहिलो. मला घडवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं शेवटी ट्रकला जोडायच्या माझ्या मानेतून एक काळा रबरी पाइप काढला आणि मला न्यायला आलेल्या माणसाला बजावलं, "ह्या पाइपाले जपजा. पुढं ड्रायव्हरनं ब्रेक दाबला का यातूनच हवा मागं येते अन् याचेबी चाकं थांबतात. बिनब्रेकाचा ट्रेलर म्हंजे बिनयेसनीचा हेला."

मिस्त्री खरं तेच बोलला; वेसण नसलेला रेडा कोणाला आवरतो? रॉकेलच्या रांगेत पुढचा माणूस एकदम थबकला आणि मागच्यांना ते कळलंच नाही, तर मागचे ढकलत राहतात आणि मधला आडवा होतो. आमचंही तसंच असतं. ट्रक थांबतो, मी थांबत नाही, आणि मग दोघांचा अडकित्ता होतो. त्या अडकित्त्यात जो सापडेल त्याची सुपारी होते.

माझा मालक दौलतराव. विजेचे खांब पोचवण्याचा ठेका त्याच्याकडे होता. लोखंडी खांब रेल्वेनं जऊळक्याला यायचे, तिथून मी ते गावोगावी न्यायचो. मला त्या कामाचा अभिमान होता, अजूनही आहे. मी खांब टाकून परत फिरलो की मागं बाया म्हणायच्या, "आता आपल्याबी घरी लाइट येते वो बाई!" पुढं तारा यायला वर्ष लागो की दोन, खांब तरी मीच आणलेले असायचे.

दौलतराव माणूस मोठा टापटिपीचा. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, गाडीला लखलखीत रंग. बाहेरून दिसतं तेवढं तो जपायचा. एका पावसाळ्यात माझ्या चाकाजवळच्या डब्यातला रबरी पडदा फाटला आणि ब्रेकची हवा गळू लागली. त्यानं ट्रकचेही ब्रेक ढिले पडायला लागले. पडदा बदलायचा म्हणजे गाडी उभी ठेवायची, आणि गाडी उभी ठेवणं दौलतरावाच्या जिवावर यायचं. त्यानं दुसराच इलाज शोधला. स्वतः खाली वाकून त्यानं माझा पाइप दुमडला आणि पकडीनं त्याच्यावर लोखंडी तार करकचून पिळली. माझ्याकडे येणारी हवा बंद झाली. ट्रकचे ब्रेक ठणठणीत, मी मात्र बिनवेसणीचा. त्या दिवसापासून माझा गळा आवळलेला होता.

मग दसरा आला. मालकानं रंगारी बोलावून मला नखशिखांत तांबडा रंग दिला. रंगारीही असा धांदरट, की चाकं, साखळ्या, पाइप आणि पाइपावरची तार, सगळ्यांवर एकच कुंचला फिरवून मोकळा झाला. खंडेनवमीला माझी पूजा झाली, झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबू चिरडलं. संकट टळलं म्हणे! ज्याच्या गळ्याला फास, त्याच्या कपाळाला कुंकू. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच. मला तर त्या लिंबाची कीव आली.

आधीचा ड्रायव्हर तेवढ्यात काम सोडून गेला आणि दिवाळी झाल्यावर देवमन आला. इंझोरीचा, मोजकं बोलणारा, हात असा हलका की खड्ड्यातूनसुद्धा मला समजावून नेल्यासारखा न्यायचा. पहिल्याच उतारावर त्याला कळलं की मागून आपल्याला कोणीतरी रेटतंय. परत आल्या आल्या तो मालकासमोर उभा राहिला.

"मालक, ट्रेलरचे ब्रेक लागून नाई राह्यले. पाइप बांधेल हाय."

"अकोल्याहून सामान येऊन राह्यलं. तवरोक हळू चालव."

देवमननं पुढल्या आठवड्यातही विचारलं आणि त्याच्या पुढल्या आठवड्यातही. शेवटी दौलतराव वैतागला. "चालवायची असन तं चालव. नाई तं चाबी ठेव अन् घरी जाय. ड्रायव्हर काय झाडाले लागतात!"

देवमननं चाबी ठेवली नाही. घरी बायको भागिरथा, तिच्या कडेवर लेकरू. त्यानं ठेवायला हवी होती का? हवी होती. मी त्याचा कैवारी असलो तरी हे लपवणार नाही. पण चाबी ठेवायला लावणारा आणि चाबी न ठेवणारा, दोघं एकाच तराजूत कसे तोलता, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

तुरी निघण्याचे दिवस होते. आमच्याकडची एक रीत तुम्हाला ठाऊक असेल. शेतकरी वाळलेली तूर सरळ डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात आणि मळणी फुकटात होते. पोलीस बघतात, तलाठी बघतो, कोणी काही म्हणत नाही. एक दिवस भर दुपारी मी खांब लादून उतार उतरत होतो. उताराच्या तळाशी वळण, आणि वळणावर जवळच्या बंजारा तांड्यातल्या लखीरामनं तूर पसरलेली. तो पाठमोरा उभा राहून काठीनं पेंढ्या उलटत होता.

देवमननं हॉर्न दिला आणि ब्रेक दाबला. ट्रक थबकला. मला कोणी काही सांगितलंच नाही. सगळ्या खांबांचं वजन घेऊन मी ट्रकच्या पाठीवर आदळलो. तुरीच्या वाळक्या काड्यांवर ट्रकची मागची चाकं घसरली, तो एका बाजूला फिरला, मी दुसऱ्या बाजूला, आणि माझी शेपटी साऱ्या रस्त्यावरून झाडू फिरवावा तशी फिरली. लखीरामची किंकाळी मी ऐकली. मी थांबू शकत नव्हतो. हे वाक्य मी शंभरदा म्हणेन, कारण ते खरं आहे.

अशा वेळी ड्रायव्हर पळून जातात. गाव धावून येतं, मार पडतो, म्हणून पळतात. देवमन पळाला नाही. त्यानं लखीरामला खांद्यावर घेतलं, मागून येणारी जीप हात जोडून थांबवली आणि त्याला वाशीमच्या दवाखान्यात नेलं. लखीरामचा जीव वाचला, पण गुडघ्याखालचा पाय गेला. देवमन दवाखान्यातून निघाला तो थेट पोलिसांबरोबर ठाण्यात.

मलाही ओढत तिथंच आणलं आणि आवारात बाभळीखाली उभं केलं. तपासणारे साहेब आले, त्यांनी लिहिलं की ट्रेलरचे ब्रेक बंद होते. ते कोणी बंद केले, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. कायद्याचा पहिला प्रश्न असतो, चालवत कोण होतं? त्याचं उत्तर मिळालं की बाकीच्या प्रश्नांना सुट्टी. दौलतरावानं तर जबाब देऊन टाकला, "ब्रेक ओढतात म्हनून यानंच पाइप बांधला असन. या ड्रायव्हर लोकायले तशी खोडच हाय." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोरच फाशीचा दोर वळत होता!

वर दयाही दाखवायला आला. भागिरथा ठाण्यात डबा घेऊन आली होती, माझ्याच सावलीत तिला गाठून म्हणाला, "त्याले म्हना, गुन्हा कबूल कर. चार-सहा महिन्यात सुटून येईन. मंग माह्याच गाडीवर ठेवतो."

भागिरथानं डबा खाली ठेवला. "तुमच्याच गाडीवर? बांधेल पाइपाच्या? कबूल कोनं कराचं ते तुमी आपल्या मनाले इचारा, मालक. माहा मानूस खोटी कबुली देनार नाई."

त्या बाईसाठी मला हॉर्न असता तर मी वाजवला असता.

तिनं वकील गाठला. इंद्रभान वकील, नुकताच सनद घेतलेला, कोट जुना पण जीभ धारदार. जामिनावर सुटलेल्या देवमनला तो म्हणाला, "जयभीम, देवमनभाऊ. तार तुम्ही बांधली नाही हे मला पटतं, पण कोर्टाला पटवायला काहीतरी हातात पाहिजे." हातात काहीच नव्हतं. मी समोर उभा होतो, पण मला कोण विचारतो?

खटला उभा राहिला. दौलतराव साक्षीला चढला आणि आपल्या गाडीचं कौतुक सांगू लागला. "साहेब, मी गाडी लेकरावानी जपतो. दसऱ्याले सारा रंग देला. तवा माह्या डोयानं पाह्यलं, पाइप मोकळा होता, ब्रेक चांगले होते. ह्या देवमनले मी दिवाळीनंतर ठेवला, तवापासूनच गडबड." तो बोलत होता तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही की तो स्वतःच्याच पायाखाली खड्डा खणतोय.

पुढच्या तारखेआधी साक्षीचं समन्स घ्यायला लखीराम ठाण्यात आला. काखेत कुबडी. मला बघितल्याबरोबर त्याचं डोकं फिरलं. मला पुन्हा एकदा तपासायला देवमन आणि वकील तिथंच आले होते. देवमनला बघून तर तो आणखीच भडकला.

"तुह्यापाई पाय गेला माहा!"

"ब्रेकच नोयते, भाऊ."

"मंग चालवली काहून?"

लखीरामनं सगळा राग माझ्यावर काढला. कुबडी उचलली आणि दे दणादण मला झोडपलं. मी सोसलं, कारण त्या माणसाचा तो हक्क होता. एक फटका माझ्या मानेवर, त्या दुमडलेल्या पाइपावर बसला. वाळलेल्या रंगाची एक खपली उडून त्याच्या पायाशी पडली. खपलीच्या पोटात तारेच्या पिळाची नक्षी अगदी ठशासारखी उमटलेली होती.

लखीरामनं ती उचलली. उलटी करून बोटानं चाचपली. मग देवमनला म्हणाला, "हा रंग कवाचा हाय?"

"दसऱ्याचा."

"अन् तू?"

"दिवाळीनंतरचा."

"मंग तार रंगाच्या आतमंदी कशी गेली?"

इंद्रभान वकील त्या खपलीकडे वेड्यासारखा बघत होता. मी तर आनंदानं गंजायचा थांबलो!

वकिलानं अर्ज केला आणि न्यायाधीश साहेब स्वतः माझ्यापाशी आले. पंचांसमोर तार उलगडली. बांगडी काढल्यावर मनगटावर वळ दिसावा तशी पाइपावर काळी, कोरी रेघ निघाली. तिच्या अलीकडे रंग, पलीकडे रंग, तारेखाली रंगाचा ठिपका नाही. रंग द्यायच्या आधी तार होती, आणि तेव्हा देवमन या गाडीवर नव्हता. दौलतरावाच्या इस्त्रीच्या सदऱ्याला दरदरून घाम फुटला.

मग लखीरामची साक्ष झाली. तोवर मालकानंही आपला वकील उभा केला होता, त्यानं लखीरामला खिंडीत पकडल्यासारखं विचारलं, "रस्त्यावर तूर कोणी टाकली होती?" खरं सांगितलं तर पायाची त्याचीच भरपाई अडणार.

लखीराम कुबडीवर ताठ झाला. "तूर माही होती, साहेब. म्याच टाकली. आमच्याकडं सारेच टाकतात, पन सारे टाकतात म्हनून ते बराबर होत नाई. माह्या चुकीचा दंड माह्या पायानं भरला. आता ज्याची तार हाय त्यानं म्हनावं, तार माही हाय."

दौलतराव खाली मान घालून सदऱ्याची बटणं चाचपत राहिला.

साहेबांनी देवमनला सोडलं आणि मालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचा हुकूम दिला. गाडी हाकणारा एकटा जबाबदार नसतो, मोडकी गाडी जाणूनबुजून रस्त्यावर धाडणाराही तितकाच जबाबदार, असं ते म्हणाले. भागिरथा दारात रडली. लखीराम देवमनला म्हणाला, "चालवाले नोयती पाह्यजे तरीबी." देवमन म्हणाला, "नोयती पाह्यजे." आणि त्याला धरून पायऱ्या उतरवू लागला.

गोष्ट इथं संपली असती तर मीही गोड बोलून निरोप घेतला असता. पण मालकाचा खटला तारखांवर चालू आहे, आणि खांब पोचवायचे अडलेत म्हणून कोर्टानं मला जामिनावर त्याच्या ताब्यात दिलं. अजून मी बाभळीखालीच आहे. काल तो आला. फाटका पडदा त्यानं बदलला नाहीच. या वेळी तार नको, एवढं शहाणपण मात्र तो शिकला होता. त्यानं पाइपाचं तोंड खोललं, आत लाकडाची गुल्ली ठोकली आणि तोंड पुन्हा बंद केलं. बाहेरून सगळं साफ. माझा गळा पुन्हा आवळला गेला.

आज सकाळी नवा ड्रायव्हर आला. प्रेमसिंग. लखीरामच्याच तांड्यातला. दौलतरावानं त्याच्या हातात चाबी दिली. "चाल, खांब पडेल हायेत जऊळक्याले."

प्रेमसिंग वर चढलाच नाही. तो खाली वाकला, माझ्या मानेखाली गेला आणि पाइपाचं तोंड खोलून आत बोट घातलं. मग चिमट्यानं गुल्ली ओढून काढली. मी पुन्हा श्वास घेतला. तो उठला आणि त्यानं एका हातानं चाबी, दुसऱ्या हातानं गुल्ली मालकाच्या हातावर ठेवली.

"दोनी तुमच्याच हायेत, मालक."

"अबे, ड्रायव्हर काय झाडाले..."

"लागतात ना," प्रेमसिंग म्हणाला, "पन तांड्यातल्या कोनत्याबी झाडाले इचारा, एकच सांगन. पयले पडदा बदला, मंग हाका मारा." आणि तो फाटकातून निघून गेला.

दौलतराव हातात चाबी आणि गुल्ली घेऊन उभा आहे, आणि त्याच्यासमोर मी. वाचणाऱ्या माणसा, उद्या कुठल्या वळणावर माझ्यासारखा कोणी आडवा पडलेला दिसला तर चालवत कोण होतं ते जरूर विचार, पण तिथंच थांबू नकोस. खाली वाक, त्याच्या मानेखाली हात घाल. मी तर आता जागचा हलणार नाही. आजवर मला थांबता आलं नाही म्हणून शिव्या खाल्ल्या, आज मी थांबलोय.